मुलाला स्काउटिंगमध्ये घालावे का? पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाचे नाव पथकात घालण्यापूर्वी पालक काही प्रश्न विचारतात आणि नाव घातल्यावर दोन-तीन महिन्यांनी काही वेगळेच प्रश्न घेऊन येतात. दोन्ही प्रकारचे प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत. वयोगट, गणवेश, वर्गणी आणि परीक्षांचे नियम प्रत्येक देशाच्या संघटनेप्रमाणे बदलतात, त्यामुळे तो तपशील आपापल्या पथकाकडूनच घ्यावा. जे सगळीकडे सारखे असते त्याविषयी ही उत्तरे आहेत.

स्काउटिंग म्हणजे नेमके काय?

शाळेच्या बाहेर, स्वतःच्या इच्छेने आणि बहुतांशी उघड्यावर घेतलेले शिक्षण, अशी त्याची साधी व्याख्या करता येईल. रॉबर्ट बेडन-पॉवेल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर घेतले. त्यांतली काही मुले बड्या निवासी शाळांत शिकणारी होती, तर काही जवळपासच्या गावांतल्या सामान्य घरांतली होती. त्यांची सरमिसळ करून चार टोळ्या पाडण्यात आल्या, टोळ्यांना पशुपक्ष्यांची नावे दिली गेली आणि प्रत्येक टोळीचा नायक मुलांपैकीच एक होता. पुढच्या वर्षी, १९०८ मध्ये, बेडन-पॉवेल यांचे या विषयावरचे पुस्तक सहा पाक्षिक भागांत प्रसिद्ध झाले, आणि ते भाग वाचून ठिकठिकाणच्या मुलांनी कोणी सांगण्याची वाट न पाहता आपापल्या टोळ्या जमवल्या. मोठ्या माणसांनी त्यांच्यासाठी रीतसर संघटना उभी केली ती त्यानंतर. हा क्रम मुद्दाम सांगितला, कारण आजही चांगले पथक आणि वाईट पथक यांतला फरक बहुतेक वेळा याच क्रमात सापडतो.

आज जागतिक स्काउट संघटनेशी जोडलेल्या सदस्यांची संख्या पाच कोटींहून अधिक आहे. मुलींच्या गाइड चळवळीची जागतिक संघटना वेगळी असून ती १९२८ पासून काम करते.

याचा मुलांना सर्वांत मोठा फायदा कोणता?

मूल जबाबदारी पेलायला शिकते, कारण तेथे त्याच्यावर खरी जबाबदारी टाकलेली असते.

घरी किंवा शाळेत मुलांना जी कामे दिली जातात त्यांतली बरीचशी लुटुपुटूची असतात. मुलाने झाडांना पाणी घातले नाही तर आई घालते, आणि गटप्रकल्प अपुरा राहिला तर आदल्या रात्री बाबा तो पुरा करतात. मुलांना हे पक्के ठाऊक असते. स्काउटच्या टोळीत साधारण सहा ते आठ मुले असतात आणि त्यांतल्या प्रत्येकाकडे एक काम असते. एकाकडे सामानाची पेटी, दुसऱ्याकडे चूल, तिसऱ्याकडे प्रथमोपचार, चौथ्याकडे हिशेब. चुलीची जबाबदारी असलेल्या मुलाने कोरडे सरपण गोळा करून झाकून ठेवले नाही, तर सकाळी आठही जणांना चहा मिळत नाही. त्याला रागवायला कोणा मोठ्याची गरज पडत नाही, आणि पुढच्या वेळी सरपण झाकायला आठवणही करून द्यावी लागत नाही.

एका शिबिरातला पाहिलेला प्रसंग सांगतो. अकरा-बारा वर्षांच्या सहा मुलांनी संध्याकाळी आपला तंबू उभारला. तणाव्यांच्या मेखा त्यांनी जमिनीत सरळ उभ्या ठोकल्या होत्या. मेखेचे डोके तंबूपासून दूर कललेले असावे लागते, नाहीतर दोराला ताण बसला की ती हळूहळू वर सरकते. पथकाच्या स्काउट मास्तरांनी ते पाहिले, टोळीनायकाला एकदा विचारले, "मेखा तपासल्यास का?" त्याने मान डोलावली, आणि मास्तर पुढे गेले. रात्री पाऊस आला, माती मऊ झाली आणि तंबूची एक बाजू मुलांच्या अंगावर बसली. कोणाला काही लागले नाही, मास्तर जागेच होते आणि सामानाचा मोठा तंबू मुलांसाठी आधीच मोकळा करून ठेवलेला होता, पण अंथरुणे भिजली ती भिजलीच. सकाळी कोणी न सांगता त्या सहा जणांनी सगळ्या मेखा उपटल्या आणि मोगरी घेऊन तिरप्या ठोकल्या. पुढच्या वर्षी नव्याने आलेल्या लहान मुलांना मेख कशी ठोकायची हे त्याच टोळीनायकाने शिकवले, आणि शिकवताना भिजलेल्या अंथरुणाची गोष्ट जरा तिखटमीठ लावूनच सांगितली.

संध्याकाळी मेखा कललेल्या करून घेणे मास्तरांना दोन मिनिटांचे काम होते. ते न करणे हीच त्यांच्या कामाची कसोटी होती. मात्र पर्यायी निवारा तयार ठेवण्यात त्यांनी कसूर केली असती, तर हाच प्रसंग निष्काळजीपणाचा ठरला असता.

शाळेतल्या तासांपेक्षा किंवा खेळाच्या प्रशिक्षणापेक्षा यात वेगळे काय आहे?

वर्गात सगळी मुले एका वयाची असतात आणि टोळीत तसे नसते. तेरा-चौदा वर्षांचा नायक आणि नुकतीच आलेली दहा-अकरा वर्षांची मुले एकत्र राहतात, त्यामुळे प्रत्येक मुलाला आधी धाकटे आणि मग थोरले होण्याचा अनुभव मिळतो. एकुलत्या एका मुलासाठी तर ही फार मोलाची गोष्ट आहे. संघातल्या खेळात चांगले खेळणाराच मैदानात उतरतो आणि बाकीचे कडेला बसतात. टोळीत कडेला बसायला जागाच नसते.

शिवाय येथे शिकलेल्या गोष्टीचा उपयोग लगेच होतो. रीफ नॉट, क्लोव्ह हिच आणि बोलाइन या गाठी फळ्यावर काढून दाखवल्या तर मुले आठवड्यात विसरतात. त्याच गाठी मारून बांधलेल्या लाकडी पुलावरून स्वतःलाच चालायचे असेल तर विसरत नाहीत.

फायदा होतो याला काही पुरावा आहे का, की हा फक्त उत्साही लोकांचा अनुभव आहे?

पुरावा आहे, पण तो डोळसपणे वाचायला हवा. एडिनबरो आणि ग्लासगो विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ब्रिटनमध्ये १९५८ साली जन्मलेल्या आणि त्यानंतर आयुष्यभर पाठपुरावा झालेल्या जवळपास दहा हजार लोकांची माहिती तपासली गेली. लहानपणी स्काउट किंवा गाइड असलेल्यांमध्ये वयाच्या पन्नाशीत चिंता किंवा मनःस्थितीचे विकार आढळण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी दिसली. गरीब घरांतून आलेल्यांमध्ये हे विकार एरवी अधिक प्रमाणात दिसतात, पण स्काउटिंग केलेल्यांमध्ये ती तफावत जवळपास नाहीशी झालेली होती. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या गटाने लहान वयोगटातल्या सुमारे १,८०० कब स्काउटांची तुलना स्काउट नसलेल्या ४०० मुलांशी केली, आणि अडीच वर्षांच्या काळात आनंदी वृत्ती, मदतीची तयारी, विश्वासार्हता यांसारख्या बाबतींत स्काउट मुलांची प्रगती अधिक झाल्याचे नोंदवले.

आता यातली मेख. ही मुले चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. जे पालक मुलाला पथकात घालतात आणि दर आठवड्याला नेऊन सोडतात, ते इतर बाबतींतही मुलांकडे अधिक लक्ष देणारे असू शकतात. संशोधक आकडेमोडीत अशा फरकांचा विचार करतात, तरी ते पूर्णपणे वगळता येत नाहीत. त्यामुळे स्काउटिंगने मानसिक आजार टळतो असे कोणी छातीठोकपणे सांगू लागले तर सावध राहावे. चंद्रावर पहिले पाऊल टाकणारे नील आर्मस्ट्राँग ईगल स्काउट, म्हणजे अमेरिकी स्काउटिंगमधला सर्वोच्च दर्जा मिळवलेले, होते ही गोष्ट खरी आहे आणि पथकांच्या माहितीपत्रकांत ती हमखास असते, पण आपले मूल चंद्रावर जाईल की नाही याच्याशी तिचा फारसा संबंध नाही.

कोणत्या वयात सुरुवात करावी?

बहुतेक देशांत साधारण सहा-सात वर्षांपासून कब किंवा त्यासारखा लहान मुलांचा विभाग असतो, दहा-अकराव्या वर्षी मूल स्काउट किंवा गाइड होते आणि तरुणांसाठी रोव्हर-रेंजर असे विभाग असतात. लहानपणीच आले पाहिजे असे मुळीच नाही. तेराव्या वर्षी आलेली मुलेही छान रुळतात, फक्त त्यांना पहिले काही आठवडे आपल्यापेक्षा लहान मुलाकडून गाठ शिकावी लागते आणि ते जरा जड जाते.

माझे मूल फार लाजाळू आहे. ते टिकेल का?

बऱ्याचदा अशीच मुले जास्त टिकतात. तीस-चाळीस मुलांच्या वर्गात लाजाळू मूल सहज लपते. सहा जणांच्या टोळीत लपता येत नाही, आणि बोलण्याची सक्तीही नसते, कारण ओळख कामातून होते. ज्याला अनोळखी मुलाशी "तुझे नाव काय?" असे बोलता येत नाही, त्याला "दोराचे ते टोक धर" एवढे म्हणता येते. तेवढ्यावर मैत्री सुरू होते.

पालकांनी मात्र एक पथ्य पाळावे. पहिल्या दिवशी सर्वांसमोर "आमचा जरा बुजरा आहे हो" अशी ओळख करून देऊ नये. ते स्काउट मास्तरांना बाजूला घेऊन सांगावे. पाटी एकदा गळ्यात पडली की मूल ती इमानाने बाळगते.

मुलींसाठी याची वेगळी सोय असते का?

१९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे स्काउटांचा मेळावा भरला, तेव्हा काही मुली स्वतःच स्काउटचा वेश करून तेथे हजर झाल्या आणि आम्हालाही हे हवे आहे असे त्यांनी सांगितले. त्यानंतर १९१० मध्ये बेडन-पॉवेल यांची बहीण ॲग्नेस यांच्या पुढाकाराने गाइड चळवळ सुरू झाली. आता अनेक देशांत स्काउट पथकांत मुले आणि मुली एकत्र असतात, काही ठिकाणी दोन्ही पथके स्वतंत्र असतात आणि काही ठिकाणी दोन्ही पर्याय उपलब्ध असतात. केवळ मुलींच्या पथकाचा एक फायदा नाकारता येत नाही. तेथे जड पेटी उचलायची आणि तंबूचा खांब उभा करायचा तो मुलींनीच, कारण ते काम हातातून काढून घेणारा दुसरा कोणी नसतो.

गणवेश, सलामी, पथक, टोळीनायक ही सगळी भाषा लष्करी वाटते. हे लष्करी शिक्षण आहे का?

नाही, पण शंका अगदी रास्त आहे. स्काउट या शब्दाचा अर्थच टेहळ्या, आणि मराठीतला जुना शब्द 'बालवीर' हाही रणांगणाची आठवण करून देणारा आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात, १८९९-१९०० मध्ये, माफेकिंग या गावाला २१७ दिवस वेढा पडला होता आणि गावाच्या बचावाची सूत्रे बेडन-पॉवेल यांच्याकडे होती. त्या वेळी तेथील मुलांच्या एका तुकडीने निरोप पोहोचवण्यासारखी कामे केली, आणि जबाबदारी टाकली तर मुले ती निभावतात हे बेडन-पॉवेल यांच्या मनावर ठसले. तेथून घेतले गेले ते एवढेच.

शस्त्रांचे शिक्षण हा स्काउट पद्धतीचा भाग नाही आणि हुकूम सोडणे ही टोळीनायकाची भूमिका नाही. तीन बोटांची सलामी, स्काउट होताना मूल जे वचन घेते त्याच्या तीन भागांची आठवण म्हणून असते. गणवेशाचा हेतू, ब्राउनसीवर ज्या कारणासाठी मुलांची सरमिसळ केली त्याच्याशी जुळणारा आहे. कोण कोणत्या घरातून आला हे कपड्यांवरून कळू नये. गळ्यातला स्कार्फ उलगडला की त्रिकोणी पट्टी होते आणि मोडलेल्या हाताला झोळी म्हणून बांधता येते. तरीही एखाद्या पथकात आठवड्याच्या सभेचा बहुतेक वेळ कवायतीत जात असेल, तर तेथे स्काउटिंग कमी आणि कवायत जास्त चालली आहे असे खुशाल समजावे.

वचनात ईश्वराचा उल्लेख असतो. आमच्या घरी तशी श्रद्धा नाही.

चळवळ कोणत्याही एका धर्माची नाही आणि जगातल्या जवळपास सर्व धर्मांची मुले तिच्यात आहेत. वचनाचे शब्द देशागणिक वेगळे असतात. ब्रिटनच्या स्काउट संघटनेने २०१४ पासून श्रद्धा नसलेल्यांसाठी पर्यायी वचन ठेवले आहे. इतर ठिकाणी काय मुभा आहे ते दीक्षेच्या आधीच विचारून घ्यावे, ऐन समारंभात मुलाची पंचाईत करू नये.

रोज एक सत्कृत्य करायचे, हे मुले खरोखर करतात का?

रोज करत नाहीत. पण स्काउटच्या जुन्या बोधचिन्हात ब्रीदवाक्याच्या पट्टीखाली एक लहानशी गाठ लोंबत असे, आणि ती दिवसाचे सत्कृत्य विसरू नये म्हणून असे. मराठीत ज्याला आपण खूणगाठ बांधणे म्हणतो, तीच ही गाठ. सुरुवातीला मुले मोजून-मापून, वहीत लिहून आणि थोडे दाखवण्यासाठी मदत करतात. ते चालू द्यावे. सवय आधी लागते आणि तिचा अर्थ मागाहून कळतो.

मुलाला वर्षभरात किती बिल्ले मिळायला हवेत?

या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी थोडे थांबावेसे वाटते, कारण हा प्रश्न मुले क्वचित विचारतात.

प्रावीण्याचे बिल्ले ही युक्ती अतिशय चांगली आहे. प्रत्येक मूल आपल्या आवडीने आणि आपल्या गतीने पुढे जाते, त्याची तुलना शेजारच्याशी न होता कालच्या स्वतःशी होते, आणि स्वयंपाक, पक्षिनिरीक्षण, नकाशावाचन, सायकलदुरुस्ती अशा एरवी ज्यांना गुण मिळत नाहीत त्या गोष्टींनाही मान मिळतो. अडचण घरून येते. पक्षिनिरीक्षणाच्या बिल्ल्यासाठी ठेवायची वही आईच्या सुवाच्य अक्षरात पूर्ण होऊन येते, चित्रे छापील असतात आणि मुलाला विचारले तर त्यातला एकही पक्षी त्याने पाहिलेला नसतो. असा बिल्ला बाहीवर शिवला की मूल एकच गोष्ट शिकते आणि ती शिकायला पथकात यायची गरज नव्हती.

ज्या वहीत तीनच पक्षी आहेत, त्यांपैकी एकाचे नाव चुकलेले आहे आणि पानावर चिखलाचा ठसा आहे, ती वही जास्त खरी. वर्षाला दोन बिल्ले झाले काय किंवा आठ झाले काय, फार फरक पडत नाही.

मुलांचे ठीक, पण कुटुंबाला यातून काय मिळते?

पहिला बदल घरातल्या छोट्या कामांत दिसतो. शिबिरातून परतलेले मूल चार-पाच दिवस स्वतःचे अंथरूण गुंडाळते, ताट घासते आणि नंतर पूर्वपदावर येते. दुसऱ्या-तिसऱ्या शिबिरानंतर हे चार-पाच दिवस वाढू लागतात. काही गोष्टी मात्र कायमच्या राहतात. प्रथमोपचार शिकलेली मुलगी धाकट्या भावाचा हात भाजल्यावर त्यावर टूथपेस्ट लावू देत नाही, तर त्याला ओढत नळाकडे नेते आणि वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे हात धरून ठेवते. घरातली मोठी माणसे "पुरे आता" म्हणत असतानाही ती घड्याळाकडे बघत उभी राहते. त्या दिवशी घरातले तिचे स्थान बदलते.

दुसरी गोष्ट बोलण्याची. शाळेतून आलेल्या मुलाला "आज काय झाले?" असे विचारले तर "काही नाही" हे उत्तर ठरलेले असते. सहलीत वाट चुकून पुन्हा सापडलेल्या मुलाला विचारावेच लागत नाही. जेवणाची वेळ त्याला पुरत नाही.

तिसरी गोष्ट पालकांच्या स्वतःच्या वाट्याला येते आणि तिची कल्पना आधी नसते. मूल पहिल्यांदा दोन रात्री बाहेर राहते तेव्हा बहुतेक वेळा मुलापेक्षा पालकांचीच परीक्षा होते. आपल्याशिवाय त्याचे चालले, आणि बरे चालले, हे कळणे सुखाचे असते आणि थोडे टोचणारेही असते. वयात येण्याच्या आधीच्या वर्षांत हा सराव झालेला असला की पुढची घरातली ओढाताण काहीशी सौम्य होते, असा आमचा अनुभव आहे.

आणि किंमतही आहे. सुट्टीच्या दिवशीची सकाळ जाते, चिखलाने माखलेले कपडे दोनदा धुवावे लागतात, आणि शिबिराची तारीख नेमकी घरच्या एखाद्या कार्याच्या दिवशीच येते.

शिबिरात माझे मूल सुरक्षित असेल याची खात्री कशी करावी?

दोन प्रकारच्या सुरक्षिततेचा विचार करावा. पहिला प्रकार आग, पाणी, हवामान आणि आजारपण यांचा. येथे विचारायचे प्रश्न सरळ आहेत. सर्वांत जवळचे रुग्णालय किती दूर आहे, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण झालेले किती जण सोबत आहेत, पोहण्याच्या वेळी देखरेख कोण करते, ॲलर्जीची आणि औषधांची नोंद कोणाकडे असते. या प्रश्नांची उत्तरे तोंडपाठ असलेला मास्तर सापडला की निम्मी काळजी मिटते.

दुसऱ्या प्रकाराबद्दल लोक बोलायला संकोचतात, म्हणून येथे स्पष्ट लिहीत आहोत. मुलांमध्ये काम करणाऱ्या कोणत्याही संस्थेप्रमाणे येथेही विश्वासाचा गैरफायदा घेतला गेला आहे. अमेरिकेतल्या बॉय स्काउट्स संघटनेला लैंगिक अत्याचारांच्या दाव्यांमुळे २०२० मध्ये दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज करावा लागला आणि त्यानंतर ८० हजारांहून अधिक दावे दाखल झाले. ही झाकायची गोष्ट नाही. जागतिक संघटनेने बालसुरक्षेचे धोरण आखले आहे, आणि त्यातून व्यवहारात उतरलेले नियम पालकांना सहज तपासता येतात. कोणताही प्रौढ एकट्या मुलासोबत बंद जागी राहत नाही. प्रौढ आणि मुले यांची झोपण्याची सोय वेगळी असते. स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासलेली असते. प्रौढ व्यक्ती मुलाशी पालकांना न कळवता खासगी संदेशांतून बोलत नाही. तक्रार कोणाकडे करायची हे मुलालाही माहीत असते.

हे प्रश्न विचारल्यावर ज्या पथकाला राग येतो, तेथे मुलाला पाठवू नये. चांगल्या पथकाला असे प्रश्न विचारणारे पालक आवडतात.

मुलाला शारीरिक अपंगत्व किंवा विशेष गरज असेल तर?

पद्धतच अशी आहे की प्रत्येक जण आपल्या गतीने पुढे जातो, म्हणून सामावून घेणे शक्य असते आणि बऱ्याच संघटना परीक्षांच्या अटी मुलाच्या क्षमतेनुसार बदलण्याची मुभा देतात. चाकाच्या खुर्चीत बसणारा मुलगा नकाशा आणि होकायंत्र सांभाळून टोळीला वाट दाखवू शकतो. पण सर्व काही पथकातल्या माणसांवर अवलंबून असते. मुलाला काय जमत नाही याच्याइतकीच, त्याला कशाने शांत वाटते, कोणता आवाज सोसत नाही, मदत कशी केलेली आवडते, ही माहिती लेखी द्यावी.

अभ्यासावर परिणाम होईल का?

आठवड्यातून दोन तासांनी अभ्यास बुडत नाही. परीक्षेच्या तोंडावर शिबिर आले तर ते खुशाल चुकवावे. मात्र टोळीनायकाला तसे मुलाने स्वतः कळवावे, पालकांनी नव्हे.

आम्ही पालक म्हणून काय मदत करू शकतो?

स्काउट पथके स्वयंसेवकांवर चालतात. प्रौढांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था १९१९ पासून लंडनजवळच्या गिलवेल पार्क येथे सुरू झाली आणि 'वुड बॅज' हे त्या प्रशिक्षणाचे चिन्ह आजही जगभर चालते. चामड्याच्या वादीत ओवलेले दोन लाकडी मणी, एवढेच ते असते. पण प्रत्येक पालकाने मास्तर व्हायला हवे असे नाही. हिशेब ठेवणारा, गाडीची सोय करणारा, तंबू उन्हात वाळवून घड्या घालणारा आणि एखादी कला शिकवायला वर्षातून एकदा येणारा, असे पालक पथकाला फार हवे असतात.

जे पालक मदतीला येतात त्यांना एकच गोष्ट अवघड जाते. आपल्या मुलाच्या टोळीकडे न बघणे. हात खिशात ठेवून उभे राहावे, असे आम्ही त्यांना सांगतो, आणि तो अलंकार नाही. खरोखरच हात खिशात घातले की ते मधे येत नाहीत.

तीन महिन्यांत मूल कंटाळले आणि सोडायचे म्हणते. काय करावे?

आधी कारण शोधावे. नुसती बैठी सभा, कवायत आणि भाषणे यांनी कंटाळले असेल तर मूल बरोबर आहे आणि पथक बदलावे. टोळीतल्या कोणाशी पटत नसेल तर मास्तरांशी बोलावे, टोळी बदलता येते. कोणी त्रास देत असेल तर वाट न पाहता बोलावे. पण यातले काहीच नसेल आणि अजून एकही शिबिर झाले नसेल, तर निर्णय शिबिर होईपर्यंत लांबवण्याचा करार मुलाशी करावा. शेकोटीभोवती एक रात्र बसल्याशिवाय मुलाने स्काउटिंग पाहिले असे म्हणता येत नाही. त्यानंतरही त्याला नको असेल तर सोडू द्यावे. ही चळवळ स्वेच्छेची आहे.

पहिल्या शिबिराला जाताना सामान कोणी भरावे?

मुलाने. यादी त्याच्या हातात द्यावी, सामान पलंगावर मांडायला सांगावे, एकदा नजर टाकावी आणि खोलीबाहेर यावे. पालकांनी भरलेली पिशवी नीटनेटकी असते, पण रात्री अंधारात मुलाला बॅटरी सापडत नाही, कारण ती कुठल्या कप्प्यात आहे हे फक्त घरी झोपलेल्या आईला माहीत असते. मोजे एक जोड कमी पडले तर पडू द्यावेत. औषधे तेवढी मात्र स्वतः मोजून, चिठ्ठीसह, मास्तरांच्या हातात द्यावीत.